मुठीचं माप

काठीवाल्याकडे कुणी गळाची काठी सांगायला आलं, की तो आधी माशांचं विचारत नसे. कुठल्या पाण्यावर बसता, केवढा मासा धरता, हे सगळं नंतर. आधी तो लाकडी दांडक्यावर मऊ मेणाचा लोळा थापून समोर करायचा आणि म्हणायचा, "धरा. दाबू नका, नुसतं धरा. घरच्या माणसाचा हात धरतो ना, तसं."

लोक हसायचे, लाजायचे. एकाने तर सांगितलं होतं, की घरच्या माणसाचा हात शेवटचा कधी धरला ते आठवत नाही, शेजाऱ्याचा चालेल का? पण धरायचे. मेणात चार बोटांचे ठसे उमटायचे, अंगठ्याचा पाचवा, आणि ते दांडकं काठी पुरी होईस्तोवर खिडकीखालच्या फळीवर उभं राहायचं.

काठी बांबूची. वाळलेला बांबू उभा चिरायचा, त्याच्या पट्ट्या काढायच्या, एकेक पट्टी पोलादी खाचेत ठेवून रंध्याने तासत तिकोनी करायची, आणि मग सहा पट्ट्या एकमेकींना अशा चिकटवायच्या, की बघणाऱ्याला ती जन्मापासून एकच होती असं वाटावं. दोरी ओवायच्या बारीक कड्या रेशमी धाग्याने तिच्यावर बांधायच्या. मग वार्निशचे हात. आणि डाग पडू नयेत म्हणून कॉर्कची मूठ अगदी शेवटी. एका काठीमागे सगळा हंगाम निघून जायचा.

"काका, तेवढ्यात मासा म्हातारा होईल की," गिऱ्हाईक म्हणायचं.

"मग सोपा सापडेल," तो म्हणायचा. एवढाच एक विनोद त्याला येत होता आणि तोही करताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

मूठ घडवताना तो डोळे मिटून घ्यायचा. डावा हात मेणातल्या ठशांवरून फिरवायचा, उजव्या हाताने कॉर्कवर घासकागद ओढायचा. डोळे फसवतात, हात फसवत नाहीत, असं त्याचं मत होतं. घासलेलं कॉर्क परत येत नाही, त्यामुळे इथे फसून चालणारच नव्हतं.

आणि त्या मिटलेल्या डोळ्यांमागे मापाची पट्टी म्हणाल तर एकच होती, बायकोचा हात. नवं लग्न झालेलं, धंदा नवा, गिऱ्हाईक नाही. मग पहिल्या सगळ्या मुठी त्याने तिच्याच हातावर बेतल्या. "अगं, धर बघू जरा," म्हणून हाक मारली, की ती असेल तशी, ओल्या हातांनी खाली यायची आणि धरायची. तिची करंगळी लहानपणी दारात चेमटून कायमची वाकडी झालेली. ती बरोबर बसली का, हेही तो बघायचा. पुढे गिऱ्हाइकं आली, पण डोक्यातली पट्टी तीच राहिली. हा हात तिच्यापेक्षा बोटभर रुंद, तो तिच्याएवढाच पण तळवा मांसल, असा हिशेब.

खाली दुकान आणि वर घर. कड्यांना धागा बांधायचं काम तिचं. वरच्या खिडकीत मांडी घालून बसायची, रीळ घरंगळू नये म्हणून कपात टाकायची आणि एकाला एक चिकटवून असे वेढे घ्यायची, की बोट फिरवलं तर काच लागावी. रंगही तीच ठरवायची, गिऱ्हाइकाकडे खिडकीतून एकवार बघून. "हा माणूस हिरव्याचा नाही," म्हणायची. "ह्याला तपकिरी. मासा सुटला तर काठी आपटणाऱ्यातला आहे." तयार काठी नदीवर नेऊन तिचा गळ पहिल्यांदा पाण्यात फेकायचीही तीच. तो बाजूला उभा राहून काठीचा बाक बघायचा. तिच्या गळाला मासा लागायचा, त्याच्या कधी लागायचा नाही. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती गेली, तेव्हा एक बारकी पिशवी घेऊन गेली होती. महिना-दोन महिने, म्हणाली होती. मग बाळ अशक्त आहे, मग लेकीची रजा संपली, मग जावयाची बदली होते आहे, मग ती झाली नाही. नात बसायला लागली, रांगायला लागली, धरून उभी राहायला लागली, आणि आता म्हणे घरभर पळते. गालात घास दाबून ठेवते म्हणून तिचं नाव पडलं होतं खारू. हे सगळं त्याला फोनवरून कळायचं.

रोज संध्याकाळी फोन यायचा.

"जेवण काय केलंत?"

"केलं."

"काय केलंत, विचारते मी."

"भात."

"रोज भातच?"

"रोज नाही. परवा नव्हता."

मग दोघंही थोडा वेळ गप्प. मग ती म्हणायची, "बरं, ठेवते हं," आणि तो म्हणायचा, "ठेव." तू कधी येतेस, हे तीन शब्द त्या गप्पपणात नीट मावले असते. रोज ते ओठांपर्यंत यायचे आणि रोज तो ते गिळायचा. एक तर ती तिथे सुखात असावी असं त्याला वाटायचं. लेक आहे, नात आहे, माणसांनी भरलेलं घर आहे. आणि दुसरं, विचारलं आणि ती म्हणाली, "मग तुम्हीच इकडे या," तर? बांबू चिरायला लांब अंगण लागतं. लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो कुठे चिरणार? दुकान बंद करून माणसाने तिथे करायचं काय? नाही म्हणावं तर तिचं मन मोडेल, हो म्हणावं तर आपलं. त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

धाग्याचं काम शेजारच्या शिंप्याने अंगावर घेतलं. शिंपी त्याचा लहानपणापासूनचा मित्र. "आयुष्यभर लोकांच्या सुटलेल्या कमरा मापल्या," तो म्हणायचा, "आता म्हातारपणी तुझ्या काठ्यांच्या बारीक कमरा नशिबी आल्या. हेही नसे थोडके." वेढे बरे घालायचा. रंग मात्र कुणालाही तांबडाच.

अशात दातांचा डॉक्टर काठी सांगायला आला. उंच, दांडगा, फावड्यासारखे पंजे. त्याने मेणाचं दांडकं धरलं तेव्हा सगळं मेण त्याच्या मुठीत गडप झालं.

शिंपी दाराशीच होता. "डॉक्टर," तो म्हणाला, "हे हात लोकांच्या तोंडात जातात तरी कसे?"

"त्यांना डोळे मिटायला सांगतो," डॉक्टर म्हणाला.

काठी छान झाली. नदीवर नेऊन पहिल्यांदा गळ फेकायला कुणी नव्हतं, म्हणून काठीवाल्याने ती अंगणातच हलवून बाक बघितला. राहिली फक्त मूठ.

त्या संध्याकाळी नेहमीसारखा फोन आला. भाताचं झालं, खारूच्या नव्या दाताचं झालं. "बरं, ठेवते हं," ती म्हणाली, पण फोन बंद करायला विसरली. कुठल्याशा टेबलावर तो तसाच चालू राहिला असणार. काठीवाल्याला तिकडचं घर ऐकू यायला लागलं. पळणारी पावलं. एक भांडं पडल्याचा आवाज. "अगं चोरटे, थांब, थांब!" आणि मग तिचं हसणं. पोट धरून, दम लागेस्तोवर. आपल्या घरात ती अशी कधी हसली होती, हे त्याला आठवेना. दुसऱ्याच्या दाराला कान लावल्यासारखं वाटलं, पण फोन काही त्याच्याने बंद करवेना. शेवटी तिकडून कुणीतरी केला.

तो खाली आला, दिवा लावला, कॉर्क चिकटवलेली काठी मांडीवर आडवी घेतली आणि डोळे मिटून मुठीला लागला. मेणाचं दांडकं फळीवरच राहिलं. ते उचलायचं राहिलं हेसुद्धा त्याला कळलं नाही. घासकागद चालत राहिला. डोळे उघडले तेव्हा मूठ झाली होती, आणि फार दिवसांनी काहीतरी मनासारखं झालं असं त्याला वाटलं.

रविवारी सकाळी डॉक्टर काठी न्यायला आला. शिंपी होताच, कारण तांबडा धागा कसा दिसतो ते त्याला ऐकायचं होतं. डॉक्टरने काठी पिशवीतून काढली, जोडली, कौतुकाने वरून खाली बघितली आणि मूठ धरली. मग पुन्हा धरली. मग काठी या हातातून त्या हातात घेतली.

"काका," तो म्हणाला, "माझी तीनच बोटं मावताहेत. चौथं काय खिशात ठेवू?"

"असं कसं?" शिंपी पुढे झाला. "कापड आटतं, डॉक्टर. कॉर्क आटल्याचं ऐकलं नाही कधी. आणा इकडे." त्याने धरली. "मलाही होत नाही. काय रे, कुणाच्या मापाने केलीस?"

"आणि ही शेवटची खाच अशी तिरकी कशाला?" डॉक्टरने विचारलं. "करंगळी वाकडी करून धरायची का?"

काठीवाल्याने काठी हातात घेतली. अंगठा मुठीवरून खाली नेला, त्या तिरक्या खाचेपाशी आला आणि तिथेच थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग सगळा चेहराच.

"चुकलं, डॉक्टर," काठीवाला म्हणाला. "माझंच चुकलं."

"मग ही मूठ कापून दुसरी नाही बसवता यायची?"

"येईल की." असं म्हणाला खरा, पण बारकी करवत समोर खिळ्याला लटकत असूनही त्याचा हात तिकडे गेला नाही. काठी दोन्ही हातांनी धरून तो नुसता उभा राहिला.

डॉक्टरने त्याच्याकडे बघितलं, शिंप्याकडे बघितलं. "राहू दे," तो म्हणाला. "माझी दुसरीच करा. मासे कुठे पळून चाललेत?"

डॉक्टर गेल्यावर शिंपी स्टूल ओढून बसला. मग शिंपी म्हणाला, "वहिनींना कळवलंस का, त्यांची काठी झाली म्हणून?"

"चेष्टा करू नको."

"चेष्टा नाही करत. जा आणि घेऊन ये त्यांना."

"ती सुखात आहे तिथं."

"विचारलंस?"

"नाही."

"मग तुला काय स्वप्न पडलं?"

"आणि ती म्हणाली, तुम्हीच इकडे या, तर?"

"तर तेव्हा बघू. पण आधी विचारशील की नाही? तोंड दिलंय ना तुला देवाने?"

"मला बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. दुकानात माणूस आलं की तुला आधी घाम फुटतो." शिंपी उठला. "मग तू बोलूच नको. काठी दे त्यांच्या हातात. तुझ्यापेक्षा तिला जास्त कंठ आहे."

काठीची दोन्ही पेरं कापडी पिशवीत घालून काठीवाला बसमध्ये चढला. कंडक्टरने पिशवी चाचपली. "बंदूक आहे का काय?"

"गळाची काठी आहे."

"वर ठेवा. आणि उतरताना आमचा मासा करू नका."

चौथ्या मजल्यावर त्याने बेल वाजवली तेव्हा त्याला धाप लागली होती. जिन्याने की कशाने, कुणास ठाऊक. दार तिनेच उघडलं. खारू कडेवर, एक गाल फुगलेला. आणि तिच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा, जो त्याने कधी बघितला नव्हता.

"अगंबाई! काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"काही नाही झालं. सहज आलो."

"तुम्ही? आणि सहज?" तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

दिवस गडबडीत गेला. खारू आधी त्याला बघून रडली, मग त्याच्या चपला घेऊन पळाली. संध्याकाळी लेक कामावरून आली. "बाबा, कळवायचं तरी," म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून क्षणभर तशीच उभी राहिली. दमलेली दिसत होती. डोळ्यांखाली काळं आलेलं. जावई रात्रपाळीला निघता निघता पाया पडून गेला. घर एवढंसं, आणि त्या घरातली प्रत्येक गोष्ट त्याच्या बायकोला हाक मारत होती. आई, खारूचा टॉवेल कुठाय. आई, दूध उतू जातंय. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर पाय आखडून बसला. दाराआड काठी उभी होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेक कामाला गेल्यावर, जावई आतल्या खोलीत झोपलेला, तो म्हणाला, "जरा बाहेर जाऊ या का? मागे तळं दिसतंय."

"चला. हिलाही हवा लागेल."

तळ्याच्या काठी सिमेंटचा बाक होता. खारूला तिने खाली गवतात सोडलं. त्याने पिशवीचा बंद सोडला, दोन पेरं एकमेकांत बसवली. काय बोलायचं ते बसमध्ये त्याने ठरवलं होतं, ते सगळं आता पुसून गेलं होतं. त्याने नुसती काठी पुढे केली.

"धर बघू जरा."

तिने हात साडीला पुसला आणि धरली. वाकडी करंगळी आपणहून आपल्या जागी गेली. ती हातातल्या मुठीकडे बघत राहिली. एकदा सोडली, पुन्हा धरली.

"कुणाची ही?"

"दातांच्या डॉक्टरची."

"त्याचीही करंगळी वाकडी आहे?"

"नाही." मग त्याने त्या दांडग्या डॉक्टरचं सगळं सांगितलं. मेण फळीवरच राहिल्याचं सांगितलं. चालू राहिलेल्या फोनचं सांगितलं नाही.

ती हसायला लागली. "त्या एवढ्या धिप्पाड माणसाला माझी मूठ! अहो, काय म्हणाला असेल तो मनात!" हसता हसता तिने चष्मा काढला, पदराने डोळे पुसले, आणि मग ते पुसणं काही संपेना. तो काठीच्या शेंड्याकडे बघत राहिला.

मग ती उठली, पाण्यापाशी गेली आणि काठी मागे नेऊन दोरी पाण्यात फेकली. दोरीला गळ नव्हता, नुसतं एक शिसं होतं. काठी शेंड्यापासून मुठीपर्यंत एका ओघात वाकली आणि सरळ झाली. शिसं लांब, तळ्याच्या पार मध्यावर जाऊन पडलं.

"काठी छान झाली आहे," ती म्हणाली. "धागा कुणी बांधला?"

"शिंप्याने."

तिने पहिल्या कडीवर अंगठ्याचं नख फिरवलं. "बरा आहे. आता मला एवढाही जमणार नाही."

"का?"

"दिसत नाही हो. आजचं नाही, इथे यायच्या आधीपासूनच. शेवटच्या दोन-तीन काठ्या तर मी नखाने चाचपून बांधल्या. वेढा सुटायचा, पुन्हा घ्यायचा, पुन्हा सुटायचा. तुम्हाला वाटायचं, दिवा मंद आहे. तुम्ही नवा दिवासुद्धा आणलात." ती दोरी गुंडाळत होती, त्याच्याकडे बघत नव्हती. "म्हटलं, इथे निदान पोरीला माझा उपयोग आहे. डोळ्यांच्या डॉक्टरने चष्मा दिला, त्याने नात दिसते, धागा नाही दिसत. परत येऊन काय करू? खिडकीत बसून तुमचं तोंड बघू?"

खारूने गवत उपटून तोंडात घातलं. तिने ते बोट घालून काढलं. तेवढा वेळ गेला.

"बघ की," तो म्हणाला.

ती वळली.

"धाग्याला शिंपी आहे," तो म्हणाला. "मी धाग्यासाठी नाही आलो."

"मग कशासाठी आलात?"

त्याने तळ्याकडे बघितलं, बाकाकडे, आपल्या चपलांकडे. "घर फार मोठं झालंय," तो म्हणाला. एवढं बोलूनच तो इतका दमला की बाकावर बसला.

तीही येऊन बाजूला बसली. काठी दोघांच्या मांडीवर आडवी.

"मग इतके दिवस तोंडात काय होतं?"

"वाटलं, तू म्हणशील, तुम्हीच इकडे या."

"म्हणणारच होते. रोज फोन ठेवताना म्हणणार होते."

"मग?"

"मग डोळ्यांसमोर यायचं, की हा माणूस दुकान सोडून इथे येईल. कारण मी म्हटलं तर तुम्ही याल, मला माहीत आहे. आणि त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बसून वाळाल. काल बघितलं ना मी, कसे बसला होता ते. परक्याच्या लग्नाला आल्यासारखे."

तो हसला. तीही हसली, पण ते फोनमधलं हसणं नव्हतं, बारीक होतं.

"मला यायचंय," ती म्हणाली. "पण आत्ता नाही येता येणार. पोरीचा चेहरा बघितलात ना? मी हात काढून घेतला तर ती बसेल खाली. ही शाळेत जायला लागू दे. मग येते. कायमची येते."

त्याने खारूकडे बघितलं. ती एका खड्याशी काहीतरी बोलत होती, आणि त्यातला एकही शब्द अजून शब्द नव्हता. शाळा फार लांब होती.

"बरं," तो म्हणाला.

तो अजून एक दिवस राहिला. लेकीला काय कळलं, काय नाही, पण जाताना तिने वडिलांसाठी डबा भरला आणि भरता भरता दोनदा आईकडे बघितलं. काठी तिथेच ठेवून तो निघाला. स्टँडवर सोडायला बायको आली, कडेवर खारू. बस लागलेलीच होती.

"मधूनमधून येत जा," ती म्हणाली. "सहजच."

"येईन."

"आणि डॉक्टरच्या काठीला तांबडा नको. निळा सांगा शिंप्याला. शांत माणूस आहे, त्याशिवाय अशी काठी सोडून गेला नसता."

कंडक्टरने घंटी मारली. तो पायरीवर चढला आणि वळला. उभ्या जन्मात तिला जे कधी म्हटलं नव्हतं, ते त्याने चारचौघांत म्हटलं, "मी वाट बघतो."

"बघा," ती म्हणाली. पुढे काही बोलणार होती, पण मागून लोक चढायला लागले आणि ढकलाढकलीत तो आत गेला.

जागा मिळाली ती नेमकी पलीकडच्या बाजूची. तिथून दिसत होती फक्त स्टँडची भिंत आणि तिला टेकवलेल्या सायकली. बस हलली, तसा तो उठला, एकाच्या पायावर पाय पडला, "अहो काका, बघा जरा," असं कुणी म्हणालं, एका बाईची टोपली ओलांडून तो अलीकडच्या खिडकीशी पोचला आणि गजांना धरून वाकला. तोवर बसने वळण घेतलं होतं. मागे गर्दीत एक लहान हात वर झालेला दिसला, कुणीतरी धरून हलवलेला. तो खारूचाच असावा म्हणून त्याने आपलाही हात बाहेर काढला, आणि रस्ता सरळ झाला तरी बराच वेळ तो तसाच बाहेर ठेवला.